लॅब्राडॉर असो की गावठी : कुत्र्याचे केस घरभर पडतात तेव्हा काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं. खालच्यापैकी तुमच्या घरात काय दिसतंय ते नीट बघा, कारण सुरुवात कुठून करायची हे त्यावरच ठरतं.

१. पलंगाखाली, दाराच्या मागे, सोफ्यावर केसांचे बोळे. पाठीवरून हात फिरवला की लव हाताला चिकटते. पण केस बाजूला करून पाहिलं तर कातडी स्वच्छ आहे, उघडा भाग कुठेच नाही. कुत्रा नेहमीसारखा खातो, खेळतो, झोपतो.

२. केस गळतात आणि सोबत खाजही आहे. शेपटीच्या मुळाशी, मांड्यांवर, पोटावर चावत बसतो. रात्री त्याच्या खाजवण्याने तुमची झोपमोड होते.

३. अंगावर कोंडा, हात लावला की तेलकट लागतं, अंघोळीनंतर दोन दिवसांत पुन्हा उग्र वास.

४. एखाद्या जागी चट्टा, टक्कल, लाल कातडी, खपल्या किंवा पू.

५. दोन्ही कुशींवर केस सारखेच विरळ झालेत, खाज नाही. पण कुत्रा सुस्त झालाय, वजन वाढतंय, किंवा पाणी फार पितो आणि सारखी लघवी करतो.

फक्त पहिलं लक्षण असेल तर पहिल्या चार तपासण्यांतच बहुतेक काम होईल. दुसरं-तिसरं असेल तर सगळ्या तपासण्या क्रमाने करा, एकही गाळू नका. चौथं किंवा पाचवं दिसत असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

नाशिकमध्ये गेली सोळा वर्षं माझ्या घरात कुत्री आहेत. देवळाली कॅम्पला माहेरी पॉमेरेनियन होता, लग्नानंतर लॅब्राडॉर सोनू आली, आणि आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये काळू आहे. काळू गावठी, पाथर्डी फाट्याजवळ भर पावसात सापडलेला. तिघांचेही केस गळले, तिघांची कारणं वेगळी निघाली. सोसायटीत आणि नातेवाइकांत कुणाच्या कुत्र्याचे केस गळायला लागले की मला बोलावतात, त्यामुळे हा एकच प्रश्न मी पुन्हा पुन्हा हाताळलाय. हे लिहायला बसले त्याचं कारण मात्र वेगळं आहे. माझ्या ओळखीतल्या दोन घरांनी केवळ केसांपायी कुत्रा देऊन टाकला. दोन्ही कुत्रे ठणठणीत होते. दीडशे रुपयांचा रबरी ब्रश आणि रोजची दहा मिनिटं एवढ्यात ते घरी राहिले असते. त्यातला एक तर सहा वर्षं त्या घरात होता.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. निरोगी कुत्र्याचे केस गळणं थांबत नाही आणि ते थांबवायचंही नसतं. केस वाढतो, काही काळ मुळाशी नुसता थांबून राहतो, मग गळतो आणि तिथे नवा येतो. गळणारा केस फरशीवर पडायच्या आधी ब्रशमध्ये पकडणं, एवढंच आपलं काम. केस जाऊन कातडी दिसायला लागली तर तो प्रश्न निराळा. त्याला टक्कल म्हणतात आणि ते ब्रशने बरं होत नाही.

पहिली तपासणी : कॅलेंडर बघा (खर्च शून्य)

लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, पग या सगळ्यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे राठ केस पाऊस-ऊन अडवतात आणि खाली मऊ लोकर असते, ती ऊब धरते. ही लोकर हंगामाप्रमाणे येते-जाते. दिवस लहान-मोठा होणं आणि हवा बदलणं हा त्यामागचा इशारा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात, शहरातही हुडहुडी भरते. त्या थंडीत कुत्र्याची लोकर दाट होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की ती झुपक्यांनी सुटते. पावसाळा संपून दिवाळीच्या सुमाराला दुसरी, थोडी हलकी गळती होते. गावठी कुत्र्यांचे केस आखूड दिसतात म्हणून ते गळत नाहीत असं लोक समजतात. काळूची हिवाळ्यातली लोकर पाहिली तर तसं कुणी म्हणणार नाही.

शिमग्याच्या आसपास अचानक केस वाढले, कातडी स्वच्छ आहे आणि कुत्रा आनंदात आहे, तर हा हंगाम आहे. तीन-चार आठवड्यांत ओसरतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत दिव्यांत असणाऱ्या कुत्र्यांत हा हंगाम इतका स्पष्ट दिसत नाही. त्यांचे केस वर्षभर थोडे थोडे गळतात. तेही ठीकच.

कॅलेंडरवर आणखी दोन गोष्टी तपासा. कुत्रीला पिल्लं झाली असतील तर त्यानंतर काही आठवड्यांनी तिचे केस भरभरून गळतात आणि पुन्हा येतात. दुसरं म्हणजे घाबरणं. घर बदललं, कुणी माणूस गेलं, दिवाळीचे फटाके झाले, की केस गळतात. डॉक्टरांच्या टेबलावर उभा केल्यावर कुत्र्याच्या अंगातून केस कसे उडतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको.

दुसरी तपासणी : उजेडात पांढऱ्या चादरीवर हात फिरवा (खर्च शून्य)

जुनी पांढरी चादर गॅलरीत अंथरा आणि कुत्र्याला तिच्यावर उभं किंवा आडवं करा. सकाळचा उजेड हवा, ट्यूबलाइटमध्ये कोंडा आणि लालसरपणा दिसत नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत केस उलटे करत कातडी बघा. कानांच्या कडा, कानामागे, बगला, जांघा, शेपटीखाली, पंजांच्या बोटांमध्ये. घाई करू नका, या कामाला वीस मिनिटं लागतात.

मग एक झुपका चिमटीत धरून हलकेच ओढा. हंगामातली लोकर सहज निघते, कुत्र्याला दुखत नाही, खालची कातडी गुलाबी किंवा तिच्या मूळ रंगाची असते. केस मुळाशी तुटल्यासारखे, खुंटासारखे असतील तर कुत्रा ते चाटून-चावून तोडतोय, म्हणजे खाज आहे. केसाबरोबर खपली आली, ओलसर काही आलं, कुत्रा कळवळला, तर घरगुती उपाय इथेच थांबवा.

ही तपासणी फुकट आहे आणि सर्वात जास्त सांगून जाते. तरी लोक हीच टाळतात आणि आधी पावडरचा डबा आणतात. माझ्याकडे आलेल्या किती तरी जणांना आपल्या कुत्र्याच्या बगलेत काय आहे हे माहीत नव्हतं.

तिसरी तपासणी : उवांची फणी आणि ओला कापूस (तीस-चाळीस रुपये)

आपण लहानपणी डोक्यातल्या उवांसाठी वापरायचो ती बारीक दातांची फणी घ्या, मेनरोडला किंवा रविवार कारंजाला कुठल्याही कटलरीच्या दुकानात मिळते. शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर ती फिरवा. निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. एक मिनिट थांबा. साधी धूळ करडीच राहते. भुकटीभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू प्रत्यक्ष दिसली नाही तरी हा डाग पुरेसा पुरावा आहे.

हे आधी का करायचं? काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते. मोजक्या पिसवांच्या चावण्याने अख्खी कंबर उघडी पडू शकते. अशा कुत्र्याला तुम्ही महागडं खाणं दिलंत, तेल लावलंत, दर आठवड्याला अंघोळ घातलीत, तरी केस गळतच राहणार. ब्रशने खाज वाढणार ते वेगळंच.

गोचिडी कानांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली सापडतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायची. नखाने चिरडू नका. एक-दोन असतील तर ठीक. रोज नव्या सापडत असतील तर त्या घरातच वाढताहेत, त्याचं पुढे सहाव्या तपासणीत बघू.

चौथी तपासणी : ब्रश बरोबर आहे का, आणि हात बरोबर चालतोय का (दीडशे ते चारशे रुपये)

माझ्या अनुभवात पहिल्या लक्षणाची बहुतेक घरं इथेच सुटतात, म्हणून इथे जरा थांबते.

बैलाला खरारा करताना पाहिलंय ना? पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या मामाच्या मळ्यात, मखमलाबादला, मामा खराऱ्याने गोल गोल घासत बैलाच्या अंगावरचे मेलेले केस काढायचे आणि मग वरून फडकं फिरवायचे. कुत्र्याचं तंत्र हेच आहे. आधी सुटे केस वर आणायचे, मग उचलायचे.

लॅब्राडॉर, पग आणि गावठी कुत्र्यांना रबरी ब्रश किंवा रबरी दाते असलेला हातमोजा पुरतो. आधी गोल गोल, हलक्या दाबाने, मग केसांच्या दिशेने. जर्मन शेफर्ड, गोल्डन, पॉमेरेनियन यांना रबराने फक्त वरवरचं निघतं. त्यांना लांब, बोथट टोकांचे दाते असलेला लोकर काढायचा कंगवा हवा आणि सोबत बारीक तारांचा ब्रश. तारांचा ब्रश आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा येत असेल तर कुत्र्याला तेवढा दाब नको; त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते.

लांब केसांच्या कुत्र्यात होणारी चूक म्हणजे वरून वरून विंचरणं. वरचे केस रेशमासारखे दिसतात आणि खाली लोकरीचा नमदा तयार होतो. एका हाताने केस वर उचलून धरा, कातडीची रेघ दिसू द्या, त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने विंचरा. मग अर्धा इंच वर दुसरी रेघ. पॉमेरेनियनच्या कानामागे, बगलेत आणि मागच्या मांड्यांच्या झालरीत गुंता हमखास असतो. तो अंघोळीआधी सोडवायचा. ओला झाला की आवळतो आणि मग सुटत नाही. कात्रीने कापायला जाऊ नका. गुंत्यात कातडी ओढली गेलेली असते आणि तीच कापली जाते. माझ्या माहेरच्या पॉमला मीच अशी जखम केली होती, तीन टाके पडले. कातडीपर्यंत जट झाली असेल तर ते कुत्र्यांचे केस कापणाऱ्या अनुभवी माणसाचं काम आहे.

किती वेळ? एरवी एक दिवसाआड सात-आठ मिनिटं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज पंधरा. गॅलरीत किंवा गच्चीवर, पंखा बंद. कोरड्या केसांवर पाण्याचा हलका फवारा मारा, केस उडत नाहीत आणि तुटतही नाहीत. रविवारी एकदाच तासभर घासण्याने कातडी लाल होते आणि कुत्रा ब्रश बघून पळायला लागतो. रोज थोडं आणि शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याचा एक दाणा, काळू यावर खूश आहे. शेंगदाणा बिनमिठाचा हं.

ब्लेड लावलेली, 'नव्वद टक्के केस कमी' असं सांगून विकली जाणारी हत्यारं जपून वापरा. मी सोनूसाठी असं एक घेतलं होतं. पहिल्या दिवशी ढीगभर केस निघाले, मला फार आनंद झाला. महिन्याभरात तिच्या पाठीवरचे वरचे राठ केस कापले जाऊन आखूड-खडबडीत पट्टे दिसायला लागले. गळणारे केस निघत होते त्याबरोबर चांगलेही कापले जात होते.

आणि उन्हाळ्यात दोन थरांच्या कुत्र्याचं अंग तासून टाकू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा लोकांना वाटतं, बिचाऱ्याला गरम होतंय. वरचा थर त्याला उन्हापासून वाचवतो; तो काढला की कातडी भाजू शकते, आणि परत येणारे केस काही कुत्र्यांत ठिगळांसारखे येतात. सुटी लोकर विंचरून काढा, हवा आत खेळू द्या, पाणी आणि सावली द्या. त्याला तेवढंच हवं असतं.

घराचं काय? कुत्रा विंचरल्यावरच घर झाडा, आधी नाही. फुलझाडूने केस हवेत उडतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली बसतात. आधी ओलसर फडकं किंवा रबरी वायपर ओढा, केस एका रांगेत गोळा होतात. सोफ्यावर भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवा. कुत्र्याच्या झोपायच्या जागेवर जुनी सुती गोधडी घाला. ती बाहेर झटकून मगच मशीनमध्ये टाका, नाहीतर गाळणी आणि पाइप दोन्ही तुंबतात. अंघोळीच्या वेळी न्हाणीघराच्या जाळीवर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ठेवा. प्लंबरच्या एका फेरीत दोन चांगले ब्रश येतात. घरात कुणाला दमा असेल तर एक लक्षात घ्या, त्रास मुख्यतः कुत्र्याच्या कोंड्यातून आणि लाळेतून होतो, केस हे नुसतं वाहन. विंचरायचं काम त्या माणसाने करू नये आणि त्याच्या डॉक्टरांना घरात कुत्रा आहे हे सांगावं.

पाचवी तपासणी : अंघोळ जास्त होतेय का, आणि साबण कसला (दोनशे-तीनशे रुपये)

केस गळतात म्हणून दर तीन दिवसांनी अंघोळ घालणारी घरं मी पाहिलीत. कातडीवरचं नैसर्गिक तेल धुतलं जातं, ती कोरडी पडते, खाज सुटते आणि गळती वाढते. मग आणखी अंघोळ. रंगपंचमीला नाशिकमध्ये रहाडींच्या, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदांच्या, रंगात शहर न्हाऊन निघतं तेव्हा हे हमखास होतं. कुत्र्यावर रंग पडतो, तो काढायला तीन-चारदा साबण लागतो, आणि नेमका तोच केस सुटायचा हंगाम. त्या दिवशी कुत्रा घरातच ठेवा, कृपा करून.

निरोगी कुत्र्याला महिन्या-दीड महिन्याने एक अंघोळ पुरते. आपला शाम्पू, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, पाण्यात टाकलेलं जंतुनाशक, यातलं काहीही नको. माणसाची कातडी थोडी आम्ल असते, कुत्र्याची जवळपास उदासीन. आपल्यासाठी सौम्य असलेला साबण त्याला सौम्य असेलच असं नाही. कुत्र्यांचा साधा शाम्पू मगभर पाण्यात विरघळवून लावा, बाटली निम्म्याने वाचते आणि धुवायलाही सोपं जातं. बोअरचं जड पाणी असेल तर साबण निघायला वेळ लागतो. हाताला बुळबुळीत लागायचं पूर्ण थांबेपर्यंत धुवा. राहिलेला साबण हे खाजेचं फार साधं आणि फार वेळा सुटून जाणारं कारण आहे.

मग कोरडं करणं. जून ते सप्टेंबर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दाट लोकर खाली ओली राहिली की बुरशी आणि जिवाणू वाढतात, वास येतो, एका रात्रीत हाताएवढा ओला लाल चट्टा उठू शकतो. पावसाळ्यात शक्यतो सकाळी अंघोळ, दोन जुने टॉवेल, मग पंख्यासमोर अंग मुळापर्यंत कोरडं होईपर्यंत विंचरत बसणं. फिरून आल्यावर पंजे आणि पोट तेवढंच पुसा.

डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर फेस करून घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा असतो. लगेच धुतला तर पैसे पाण्यात गेले. खोबरेल तेल चोपडायची गरज नाही. धूळ चिकटते आणि कुत्रा ते चाटत बसतो.

सहावी तपासणी : घरातली गोचीड आणि पिसू

कापूस तांबूस झाला किंवा रोज गोचिडी सापडताहेत, तर नुसत्या कुत्र्यावर औषध लावून भागत नाही. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण पिसवांचा लहानसा हिस्सा असतो. अंडी, अळ्या आणि कोश गोधडीत, सतरंजीखाली, फरशीच्या सांध्यांत असतात. फुगलेली गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत जाते आणि हजारांनी अंडी घालते.

अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका. भिंतीच्या फटी, खिडकीच्या चौकटी, पलंगाचे सांधे नीट बघा. फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. कोपरे व्हॅक्यूमने, तो नसेल तर ओल्या फडक्याने, रोज काढा. हे किमान दोन-तीन महिने चालवावं लागतं, कारण कोशातल्या पिसवा उशिरा बाहेर येतात आणि आठवड्याभरात काम सोडणाऱ्याला वाटतं की औषध खोटं होतं. अंगावर टाकायचे थेंब किंवा गोळी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून घ्या. घरात मांजर असेल तर हे आधी सांगा. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजरासाठी जीवघेणं आहे.

इथे मला हात जोडून सांगायचंय. आपल्या जिल्ह्यात शेती आणि जनावरं, त्यामुळे गाई-बैलांची गोचिडीची औषधं आणि इंजेक्शनं सहज हाताशी असतात. अंदाजाने पातळ करून ती कुत्र्याला लावू किंवा टोचू नका. जनावरांच्या मात्रेतलं आयव्हरमेक्टिन कुत्र्याला विषबाधा करू शकतं, आणि कॉलीसारख्या काही जातींना तर थोडंसंही सोसत नाही. खरजेवर रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल लावायची जुनी पद्धत अजून दिसते. कातडी भाजते, कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं. कापूर आणि फिनाइलही दूर ठेवा.

सातवी तपासणी : ताटलीत काय आहे

केस प्रथिनांचा बनतो. दूध-पोळी, ताक-भात यांवर वाढणाऱ्या कुत्र्याचं पोट भरतं, पण केसाला माल मिळत नाही. केस निस्तेज, राठ, सहज तुटणारे. काळू आमच्याकडे आला तेव्हा असाच होता. रोज एक उकडलेलं अंडं, भाताबरोबर बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, आठवड्यातून दोनदा काटे काढलेली वाफवलेली मासळी, एवढ्यावर दोन महिन्यांत त्याच्या अंगावर चकाकी आली. अंडं उकडूनच द्या. कच्च्या पांढऱ्या बलकातलं एक द्रव्य बायोटिन बांधून ठेवतं, आणि बायोटिन केसांना लागतं. शाकाहारी घरात अंडं चालत नसेल तर तयार कोरडं खाणं घ्या, पिशवीमागे 'संपूर्ण आणि संतुलित आहार' लिहिलेलं बघून. पोळीत अंदाजाने पनीर घालून ते जमत नाही. जवस चांगलं म्हणतात, पण त्यातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात फार थोडं उपयोगी पडतं. मासळीतलं थेट लागू पडतं.

मुतखडा, किडनी किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याचं खाणं स्वतःच्या मनाने बदलू नका. आणि बदल केला तर सहा ते आठ आठवडे थांबा. नवा केस यायला तेवढा वेळ लागतोच. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून पुन्हा बदलणाऱ्याला काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

आपल्या नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला कधीही नाहीत. हंगामात घरात पेट्या येतात, मुलं खाली टाकतात, पाहुणे प्रेमाने भरवतात. द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ली म्हणजे धोका हे आधी सांगता येत नाही. खाल्ली असतील तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा. कांदा आणि लसूणही नको, शिजवलेला, भाजीतला, रश्श्यातला कसलाही. लाल रक्तपेशी फुटतात. लासलगावच्या जिल्ह्यात प्रत्येक कालवणात कांदा असतो, म्हणून कुत्र्याचं चिकन वेगळ्या पातेल्यात, आधी काढून ठेवलेलं.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

यापुढचं घरी होत नाही. ओढूनताणून केलं तर खर्च वाढतो.

गोल चट्टा, कडेला खपल्या, आणि घरातल्या कुणाच्या हातावर किंवा मानेवरही तसंच वर्तुळ आलंय : गजकर्णाची शंका. ते कुत्र्याकडून माणसाला होतं. कुत्रा आणि माणूस दोघांनाही आपापल्या डॉक्टरांकडे न्या.

कानाच्या कडा, कोपरं, पोट इथे भयंकर खाज, कानाची कड चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो : खरजेची शंका. हीसुद्धा माणसांना त्रास देते. पिल्लाच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर टक्कल असेल तर वेगळे कीटक असू शकतात, जे सहसा पसरत नाहीत. दोन्हींचं औषध वेगळं, आणि ओळखायला कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ही चाचणी स्वस्त आहे. 'आधी ही करा' असं तुम्हीच म्हणा.

मध्यम वयाचा कुत्रा, दोन्ही कुशींवर विरळ केस, शेपटी उंदरासारखी, सुस्ती, कमी खाऊनही वजन : थायरॉइड कमी असू शकतं, रक्त तपासावं लागतं. पाणी खूप, लघवी खूप, पोट सुटलेलं, कातडी पातळ : तो दुसरा हार्मोनचा आजार असू शकतो. सोनूचं थायरॉइड निघालं होतं. त्याआधी मी पाच महिने शाम्पू बदलत बसले. गोळ्या सुरू झाल्यावर तिचे केस परत आले, पण ते पाच महिने तिने सोसले त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अंगावर गोचिडी सापडल्यात आणि आता ताप, खाणं बंद, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी गडद लघवी : उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या. गोचीडतापाने कुत्री दगावतात.

आणखी एक. खाजेवर एक इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत कुत्रा शांत झाला, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा इंजेक्शन, असं चक्र सुरू झालं असेल तर शांतपणे विचारा, 'यात स्टेरॉइड आहे का? खाजेचं कारण काय निघालं?' स्टेरॉइडला त्याची जागा आहे, तडफडणाऱ्या कुत्र्याला त्याने खरा आराम मिळतो. पण कारण न शोधता ते महिनोन्महिने देत राहिलं तर मूळ आजार झाकला जातो आणि केस त्या औषधानेच विरळ होऊ शकतात. इंदिरानगरमधल्या एका बीगलला असं सात महिने चाललं होतं, शेवटी निघाल्या पिसवा.

पैशांची अडचण असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तिथे कुत्रीही बघतात आणि शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं. सकाळी लवकर पोहोचा.

जाताना या गोष्टी सोबत न्या : गळती सुरू झाल्याची तारीख, चट्ट्याचे दर आठवड्याचे फोटो तेवढ्याच अंतरावरून काढलेले, फणीतून निघालेली भुकटी कागदाच्या पुडीत, वापरलेल्या शाम्पूची आणि औषधांची रिकामी पाकिटं, आणि गेल्या महिन्यात काय खायला दिलं त्याची खरी यादी, बिस्किटांसकट. डॉक्टरांनी तसं सांगितलं नसेल तर आदल्या दोन-तीन दिवसांत अंघोळ घालू नका. कोंडा, खपल्या, पिसवांची घाण, सगळा पुरावा धुऊन जातो.